दहा जण, दोन नाटकं, साठ गावं

मोंटाना हे अमेरिकेचं राज्य महाराष्ट्रापेक्षा सव्वापट मोठं आहे. २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या जेमतेम १० लाख ८४ हजार भरली, म्हणजे आपल्या नाशिक शहराइतकीही नाही. पश्चिमेच्या डोंगरांपासून पूर्वेच्या माळरानापर्यंत गाडी हाकायची तर हजाराहून जास्त किलोमीटर होतात आणि वाटेत माणसांपेक्षा गुरं जास्त दिसतात. अशा मुलखात नाट्यगृह बांधून प्रेक्षकांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. नाटकालाच घराबाहेर पडावं लागतं.

बोझमन गावातल्या मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीतले ब्रूस जेकबसन यांनी १९७३ साली नेमकं हेच केलं. उन्हाळ्यात शेक्सपिअरचं नाटक गावोगावच्या बागांमध्ये न्यायचं, फुकट दाखवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. ‘मोंटाना शेक्सपिअर इन द पार्क्स’ हे त्यांच्या कंपनीचं नाव. २०२०चा करोनाचा उन्हाळा सोडला तर ही कंपनी दरवर्षी जून ते सप्टेंबर फिरते आहे. दहा नट-नट्या, दोन नाटकं, साठच्या आसपास गावं आणि सत्तरच्या वर प्रयोग, असा तिचा साधारण हिशेब. मोंटानाखेरीज शेजारच्या वायोमिंग, आयडाहो, नॉर्थ डकोटा अशा राज्यांतली काठावरची गावंही दौऱ्यात येतात. उन्हाळी शेक्सपिअर अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी होतो, पण बहुतेक ठिकाणी रंगमंच जागच्या जागी असतो आणि प्रेक्षक येतात. इथे गंगा उलटी वाहते. त्यामुळे अशी कंपनी चालते कशी, तिला चालवतात कोण, हे पाहायला मोंटानाचं उदाहरण मला सर्वांत सोयीचं वाटतं.

आधी थोडी पूर्वपीठिका. ओरेगन राज्यातल्या ॲशलंड गावात १९३५ साली अँगस बोमर या शिक्षकाने असाच उन्हाळी उत्सव सुरू केला. नाटकात पैसे बुडणार अशी गावच्या कारभाऱ्यांची खात्री होती, म्हणून त्यांनी त्याच मंचावर दुपारी मुष्टियुद्धाचे सामने ठेवायला लावले, म्हणजे तोटा भरून निघेल. झालं उलटं. मुष्टियुद्धात तोटा आला आणि तो शेक्सपिअरच्या गल्ल्यातून भरावा लागला. पुढे न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पॅप यांनी पन्नाशीच्या दशकात ट्रकवर मंच लादून वस्त्यावस्त्यांत फुकट प्रयोग केले. मोंटानात तर शेक्सपिअर नाटक कंपन्यांच्याही आधी पोचला होता. जिम ब्रिजर नावाचा निरक्षर शिकारी-वाटाड्या होता. त्याने बैलांची जोडी देऊन शेक्सपिअरचं पुस्तक घेतलं आणि ते वाचून दाखवायला पगारी पोरगा ठेवला, अशी गोष्ट सांगतात. बोझमनजवळच्या डोंगररांगेला त्याच ब्रिजरचं नाव आहे. आपल्याकडे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी आगरकरांचं ‘विकारविलसित’ आणि देवलांचा ‘झुंझारराव’ गाजवला. या नाटकांखाली ‘हॅम्लेट’ आणि ‘ऑथेल्लो’ आहेत हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांनीही ती डोक्यावर घेतली. शेक्सपिअर फक्त शिकलेल्यांना रुचतो हा समज दोन्ही मुलखांत प्रेक्षकांनीच मोडीत काढला आहे.

आता कामाकडे वळू. उन्हाळ्याची तयारी आधीच्या हिवाळ्यापासून चालते आणि पहिला प्रश्न नाटकं कोणती घ्यायची हा असतो. इथे कलात्मक संचालकाच्या आवडीला बऱ्याच वेसणी असतात. दहाच माणसांत बसेल असं नाटक हवं. एक हसवणारं असलं तर दुसरं गंभीर हवं. गेल्या चार-पाच वर्षांत झालेलं नको, कारण प्रेक्षक तेच आहेत आणि त्यांना चांगलं आठवतं. दोन्ही नाटकांतल्या भूमिका त्याच दहा जणांत वाटता यायला हव्यात. एका नाटकात तीन तरुणी आणि दुसऱ्यात एकही नाही, असं झालं तर घडी विस्कटते. पूर्वी बहुधा एक शेक्सपिअरचं आणि एक दुसऱ्या कुणा नाटककाराचं अशी जोडी असे. उदाहरणार्थ २०१७ साली ‘मॅकबेथ’बरोबर बर्नार्ड शॉचं नाटक होतं. अलीकडे पुष्कळदा दोन्ही शेक्सपिअरचीच असतात.

नाटक ठरलं की कात्री लागते. ‘हॅम्लेट’ जसंच्या तसं करायचं तर चार तास लागतात. केनेथ ब्राना यांचा १९९६चा चित्रपट संपूर्ण संहितेवर आहे आणि तो २४२ मिनिटं चालतो. गवतावर बसलेल्या, डास मारणाऱ्या, मांडीवर मूल घेतलेल्या माणसाकडून दोन-सव्वादोन तासांपेक्षा जास्त मागता येत नाही. म्हणून जवळपास निम्मी संहिता काढावी लागते, आणि काढल्याचं कळता कामा नये. हे काम संहितेच्या जाणकाराचं. त्याच विद्यापीठातल्या इंग्रजीच्या प्राध्यापक ग्रेचेन मिंटन या कंपनीसाठी ते करत आल्या आहेत. मोंटानातल्या शेक्सपिअरप्रेमाच्या इतिहासावर त्यांचं पुस्तकही आहे, ते २०२०मध्ये निघालं. कात्री लावताना अवघड शब्द आधी काढावेत असं आपल्याला वाटेल. खरं तर आधी जातात ती दुय्यम माणसं: निरोपे, दरबारी, आणि आधी घडलेलंच पुन्हा सांगणारी भाषणं. अवघड शब्द नट आपल्या देहबोलीतून पोचवू शकतो. अनावश्यक माणसाला मात्र कपडे शिवावे लागतात आणि ते घालायला एक नट लागतो.

हा नटांचा हिशेब जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. ‘हॅम्लेट’मध्ये बोलणारी पात्रं तिसाच्या घरात आहेत आणि माणसं दहा. तेव्हा एकाने दोन-तीन भूमिका करायच्या. त्यासाठी संचालक मोठा तक्ता मांडतो. आडव्या ओळीत प्रवेश, उभ्या ओळीत पात्रं, आणि कोण कुणाबरोबर कधीच मंचावर येत नाही ते शोधायचं. राजाचा मंत्री पोलोनियस मध्यावरच मारला जातो, मग तोच नट शेवटच्या अंकात कबर खणायला मोकळा. हॅम्लेटच्या बापाचं भूत आणि बापाला मारणारा काका या भूमिका एकाच नटाला देण्याची प्रथा आहे. माणूसही वाचतो आणि प्रेक्षकालाही काहीतरी जाणवतं. ‘किंग लिअर’मधली धाकटी मुलगी कॉर्डेलिया आणि राजाचा विदूषक हे दोघं मंचावर कधीच एकत्र येत नाहीत, त्यामुळे ते एकीनेच करावेत असा मोह बऱ्याच दिग्दर्शकांना होतो. उलट ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली जुळी बहीण-भाऊ शेवटच्या प्रवेशात समोरासमोर उभी राहतात. तिथे काटकसर चालत नाही, दोन माणसं लागतातच. शेक्सपिअरच्या स्वतःच्या कंपनीतही माणसं मोजकीच होती आणि तीही दोन-दोन भूमिका करत. म्हणजे या नाटकांच्या शिवणीतच ही सोय आहे, बोझमनमध्ये ती कुणी नव्याने घातलेली नाही.

तक्ता जुळला की माणसं शोधायची. शिकागोसारख्या शहरांत निवड चाचण्या होतात आणि देशभरातले व्यावसायिक नट येतात. स्वगत उत्तम म्हणणारे शेकड्याने मिळतात. पण इथे आणखी काही लागतं. गाडी चालवता येते का? जड फळ्या उचलता येतात का? तीन महिने त्याच नऊ चेहऱ्यांबरोबर राहून तोल सांभाळता येतो का? गिटार किंवा ढोलकं वाजवता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण वेगळे वादक नेत नाहीत. एखादा अप्रतिम हॅम्लेट चिडका निघाला तर सगळ्यांचा उन्हाळा नासतो, आणि जुलैच्या मध्यावर पूर्व मोंटानातल्या माळावर बदली नट आणायचा कुठून? माझ्या मते अशा कंपनीतली सर्वांत जोखमीची कामगिरी दिग्दर्शनाची नसून या निवडीची आहे.

निवड झालेले सगळे वसंतात बोझमनला जमतात. काही आठवड्यांत दोन्ही नाटकं उभी करायची: सकाळी एकाची तालीम, दुपारी दुसऱ्याची. तलवारबाजी बसवणारा वेगळा, आवाज आणि उच्चारांकडे लक्ष देणारा वेगळा. वेशभूषाकाराचं काम कपडे देखणे करून भागत नाही. ते आत-बाहेर करायला सोपे हवेत, घामाला आणि पावसाला टिकणारे हवेत, आणि वाटेतल्या गावात साध्या धुलाई यंत्रात धुता आले पाहिजेत. एकाच नटाचे दोन-तीन वेश, ते दोन नाटकांसाठी, असे दहा जणांचे कपडे एका गाडीत मावायला लागतात. जूनमध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या झाडीत पहिले प्रयोग होतात. बोझमनकर दोन्ही नाटकं बघतात. मग सामान चढतं आणि दौरा निघतो.

दौऱ्यावरचा दिवस असा. आदल्या रात्रीच्या गावातून सकाळी निघायचं. दोन तासांचा रस्ता असेल, कधी पाच तासांचा. दुपारी नव्या गावात पोचून बागेत, शाळेच्या मैदानात किंवा जत्रेच्या पटांगणात जागा पाहायची. जमीन सपाट आहे का, सूर्य मावळताना कुणाच्या डोळ्यांवर येईल, वारा कुठून आहे. मग मंच उभा करायचा. एलिझाबेथकालीन रंगमंचाच्या धाटणीचा, सुटा होणारा हा लाकडी मंच टॉम वॉटसन यांनी आखलेला. मागे दारं, पडदे, येण्याजाण्याच्या वाटा. तो उभारतात कोण? तर संध्याकाळी ज्यांना राजा-राणी व्हायचं आहे तेच. कंपनी तांत्रिक कामगार बरोबर नेत नाही. आपल्याकडे तमाशाचा फड उतरला की राहुट्या ठोकणारे, कनात बांधणारे, स्वयंपाक करणारे वेगळे असतात आणि कलावंत वेगळे. इथे हातोडी आणि मुकुट एकाच्याच हातात असतो. प्रत्येकाला ठरलेली जोडकामं असतात. कुणी ट्रक चालवतो, कुणी कपडे सांभाळतो, कुणी वस्तू मोजून ठेवतो. काही तास घाम गाळून मंच उभा झाला की लढाईचे प्रवेश एकदा हळू गतीने करून बघतात. आजची जमीन कालच्यासारखी नसते, आणि तलवार पत्र्याची असली तरी लागते. मग तोंड धुऊन रंगायचं.

प्रयोग साधारण संध्याकाळी सहाच्या सुमारास. मोंटाना इतकं उत्तरेला आहे की जूनच्या अखेरीस नऊच्या पुढे सूर्य मावळतो. त्यामुळे दिवे लागत नाहीत, दिव्यांसाठी वीज लागत नाही, वीज नको म्हणून खर्च आणि सामानही कमी. सप्टेंबर जवळ आला की दिवस आखडतो आणि वेळ अलीकडे ओढावी लागते.

लख्ख उन्हात शोकांतिका कशी रंगते, असं कुणी विचारेल. ‘मॅकबेथ’मधला खून मध्यरात्री होतो आणि इथे समोर बसलेल्यांनी गॉगल घातलेले. पण शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहातही प्रयोग दुपारी उघड्या आभाळाखालीच होत. अंधार पाडायची सोय नव्हती, म्हणून लेखकाने तो पात्रांच्या तोंडी दिला. शेक्सपिअरची माणसं एकसारखी रात्र किती झाली, चंद्र आहे की नाही, समोर कोण आहे ते दिसतं का, असं बोलत असतात ते त्याचसाठी. बंद नाट्यगृहात, निळ्या दिव्यांखाली ही वाक्यं जास्तीची वाटतात. बागेत ती कामाला येतात. हातात मशाल आली की रात्र झाली, हे प्रेक्षक बिनतक्रार मान्य करतो. ज्यांना ही नाटकं शब्दबंबाळ वाटतात त्यांनी एकदा ती उन्हात बघावीत.

आवाजाचं मात्र खरंच अवघड असतं. परंपरा मायक्रोफोन न वापरण्याची. वर रेल्वेची शिटी, शेतातला पंप, कुत्र्यांची भांडणं. नटाला वाक्याचा शेवटचा शब्द खाली पाडून चालत नाही, कारण इंग्रजीत बहुतेक वेळा अर्थाचं वजन तिथेच असतं. शिवाय प्रेक्षक दिसतात. अंधाऱ्या सभागृहात नट आपल्यापुरतं जग करून घेऊ शकतो; इथे पुढच्या रांगेतलं पोर सँडविच खात त्याच्या डोळ्यांत बघत असतं. मुरलेले नट त्या पोरालाच स्वगत सांगून टाकतात.

आता त्या माणसाकडे येऊ, जो मंचावर कधीच दिसत नाही आणि ज्याच्यावाचून यातलं काहीच होत नाही. प्रत्येक गावात कंपनीचा एक स्थानिक संयोजक असतो. कुठे ग्रंथपाल, कुठे निवृत्त शिक्षिका, कुठे गुरांचा कळप सांभाळणारं जोडपं. प्रयोग प्रेक्षकांना फुकट असला तरी गावाला कंपनीकडे काही रक्कम भरावी लागते. ती खऱ्या खर्चाचा एक भागच असते. बाकीचा भार विद्यापीठ, सरकारी आणि खासगी अनुदानं आणि देणगीदार उचलतात. गावचा वाटा जमवायचं काम संयोजकाचं. बँक, दुकानदार, महिला मंडळ, जुनी घराणी अशा सगळ्यांकडे तो झोळी घेऊन जातो. मैदानाची परवानगी काढतो, गवत कापून घेतो आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिथे पाणी मारू नका म्हणून बजावतो. दहा माणसांची रात्रीची सोय लावतो, पुष्कळदा गावकऱ्यांच्याच घरी. जेवण घराघरांतून येतं. पाऊस आला तर शाळेच्या व्यायामशाळेची किल्ली कुणाकडे आहे, हे त्यालाच माहीत असतं. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर पसरला की तीच किल्ली पुन्हा लागते. व्यायामशाळेत आवाज घुमतो, बास्केटबॉलच्या कड्याखाली राजा मरतो, पण प्रयोग होतो.

फुकट नाटकाचं कौतुक करताना आपण बहुधा कंपनीच्या औदार्याबद्दल बोलतो. मला ते अर्धवट वाटतं. गावाने स्वतः वर्गणी काढलेली असते, म्हणून ते गाव मैदानात हजर असतं. वर्गणी देणारा माणूस नाटक कसं आहे ते बघायला येतोच, शेजाऱ्यालाही आणतो. संयोजक थकला किंवा गाव सोडून गेला आणि त्याची जागा कुणी घेतली नाही, तर दौऱ्याच्या यादीत त्या गावाचं नाव टिकणं कठीण होतं. तेव्हा कंपनीच्या कार्यालयात बसलेल्यांचं हिवाळ्यातलं मोठं काम म्हणजे हे साठ संसार टिकवणं. कागदावर त्याला दौऱ्याचं नियोजन म्हणतात.

या जाळ्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातलं बर्नी. मूठभर घरांचं गाव, आसपास गुरांची कुरणं आणि नॉर्दर्न शायेन या मूळ रहिवाशांचं राखीव क्षेत्र. प्रयोग गावातही नाही, जवळच्या पोकर जिम ब्यूट नावाच्या सपाट माथ्याच्या टेकडीवर होतो. तिथे वनखात्याचा, वणवा हेरण्यासाठी बांधलेला टेहळणीचा मनोरा आहे. कच्च्या रस्त्याने ट्रक वर चढतो, मंच उभा राहतो आणि वस्तीपेक्षा कितीतरी जास्त माणसं गाड्या काढून येतात. काहींना तासन्‌तास प्रवास करावा लागतो. वर्षानुवर्षं हे चाललंय. नफ्यातोट्याचं गणित मांडणारा कुणीही हा प्रयोग पहिल्या झटक्यात यादीतून काढेल. कंपनी तो काढत नाही, आणि ती कशासाठी आहे हे एवढ्यावरून कळतं.

माणसं टिकतात कशी, याचंही उत्तर शोधलं पाहिजे. पगारावर कुणी श्रीमंत होत नाही. जोएल जांकी यांनी तीन दशकांहून अधिक काळ कंपनीची कलात्मक धुरा वाहिली. त्यांच्यानंतर केव्हिन ॲसलिन आले, ते आधी याच कंपनीत नट म्हणून ट्रकमधून हिंडले होते. असे परत येणारे बरेच असतात. एका उन्हाळ्यात सत्तर प्रयोग मिळणं, तेही रोज नव्या जागी, नव्या प्रेक्षकांसमोर, ही तरुण नटाला शहरात सहसा न मिळणारी तालीम आहे. दौऱ्याच्या शेवटी त्याचा आवाज, दम आणि दंड तिन्ही तयार झालेले असतात. १९९३पासून कंपनी शरद ऋतूत शाळांचाही दौरा करते, तेव्हा काहींना पुढचं काम तिथेच मिळतं.

प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, की राजा-राणी रंग पुसून पुन्हा स्क्रू काढायला लागतात. गावातली पोरं फळ्या धरायला येतात, कुणी उरलेला खाऊ बांधून देतं, म्हाताऱ्या बायका पुढच्या वर्षी कोणतं नाटक आणणार म्हणून विचारतात. उजेड असेपर्यंत सगळं ट्रकमध्ये गेलं पाहिजे. उद्या दुसरं गाव आणि बहुधा दुसरं नाटक.

मराठी मंडळी आता उन्हाळ्यात यलोस्टोन बघायला मोठ्या संख्येने जातात. उद्यानाच्या उत्तर दारापासून बोझमन गाडीने दीड तासावर आहे, आणि दौऱ्यातली कितीतरी गावं त्याच वाटांवर पडतात. जाण्यापूर्वी कंपनीचं त्या वर्षीचं वेळापत्रक पाहून घ्या. तिकीट नाही, आरक्षण नाही. घडीची खुर्ची किंवा चटई, डासांचं मलम आणि सूर्य कलल्यावर लागणारा जाड स्वेटर बरोबर ठेवा, कारण तिथे जुलैतही संध्याकाळ गार होते. नाटकाची गोष्ट आधी वाचून गेलात तर भाषा अडणार नाही. आणि निघताना देणगीच्या पेटीत चार डॉलर टाकायला विसरू नका.